सिंहस्थाचे फोटो मागवताना रॉ फाइलबरोबर तयार फोटोही मागवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०१५ च्या सिंहस्थाचे फोटो वाचकांकडून मागवण्याचं आपल्या वृत्तपत्राचं आवाहन वाचलं आणि मनापासून आनंद झाला. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर या तिन्ही शाही स्नानांना नाशिकचे कितीतरी फोटोग्राफर पहाटेपासून गोदाघाटावर उभे होते. त्यांनी काढलेल्यातलं फार थोडं लोकांसमोर आलं. बाकीचं सगळं घराघरांतल्या हार्डडिस्कमध्ये पडून आहे. ते बाहेर काढायचं कुणाच्या तरी मनात आलं, हीच मोठी गोष्ट आहे.

पण आवाहनात एक अट आहे. ‘फोटो मूळ रॉ स्वरूपात, कोणतंही एडिटिंग न करता पाठवावेत.’ हे पत्र त्या अटीबद्दल आहे. फोटोत फेरफार केलेला नसावा, हा त्यामागचा हेतू मला समजतो आणि पटतोही. मात्र अट अशीच राहिली, तर तुमच्याकडे फाइल्सचा ढीग जमेल आणि फोटोग्राफरच्या मनातला फोटो त्यातून छापता येणार नाही.

मी रविवार कारंजाजवळ फोटो एडिटिंगचं काम करते. सिन्नर, निफाड, दिंडोरी, नाशिकरोड, सगळीकडचे फोटोग्राफर कार्ड नाहीतर हार्डडिस्क आणून देतात. कुणाकडे कॅनन, कुणाकडे निकॉन, हल्ली सोनी वाढलाय. कुणी लाइटरूममध्ये अर्धं काम करून आणतो, कुणी कॅप्चर वनमध्ये, तर पैसे वाचवायचे म्हणून काही तरुण मुलं डार्कटेबल किंवा रॉथेरपी वापरतात. त्यामुळे एका प्रोग्रॅममधली रॉ फाइल दुसऱ्यात नेणं आणि त्यात काय टिकतं, काय गळतं ते बघणं, हे माझं रोजचं काम आहे.

आधी रॉ फाइलमध्ये असतं काय ते सांगते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा, यांपैकी एकाच रंगाचा उजेड मोजतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी या रंगांच्या जाळीचं पेटंट १९७६ साली मिळवलं. तिच्यात निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. बहुतेक कॅमेरे आजही तीच जाळी वापरतात. म्हणजे प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. रॉ फाइलमध्ये तो हिशेब झालेलाच नसतो. तो फाइल उघडणारा प्रोग्रॅम करतो, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची पद्धत निराळी असते.

रॉ वापरायचं कारण मात्र भक्कम आहे. जेपीजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आमच्या धंद्यात हे सगळ्यात चांगलं दिसतं ते हळदीच्या फोटोत. दुपारचं ऊन, नवरीची पिवळी साडी आणि गालावर ओली हळद. जेपीजीमध्ये लाल रंग टोकाला जाऊन बसतो, गाल आणि पदर एकाच सपाट पिवळ्या डागात मिसळतात. मग कितीही ओढाताण केली तरी तिथून काही निघत नाही. त्याच क्षणाची रॉ उघडून एक्स्पोजर खाली आणलं की गालावर मावशीच्या बोटांनी उठलेल्या रेघा दिसायला लागतात, हळदीचा ओला भाग आणि वाळलेला भाग वेगळा दिसतो. हे ज्याने पडद्यावर एकदा पाहिलं, तो जेपीजीवर परत जात नाही.

आता अडचण. रॉचा ‘एडिट न केलेला’ असा फोटो असतच नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो तो रॉमध्ये दडवलेला एक जेपीजी असतो. तो कॅमेऱ्याने स्वतःच्या सेटिंगप्रमाणे रंग, कॉन्ट्रास्ट चढवून बनवलेला असतो. लाइटरूममध्ये नवं कार्ड टाकलं की आधी तोच दिसतो, छान भरलेला. मग क्षणभरात प्रोग्रॅम स्वतःचा हिशेब करतो आणि रंग बदलतात, बरेचदा फिके पडतात. नवे फोटोग्राफर इथे घाबरतात, “ताई, फोटो खराब झाले का?” म्हणून विचारतात. खराब काहीच झालेलं नसतं. एका हिशेबाच्या जागी दुसरा आलेला असतो.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. शाही स्नानाच्या पहाटेची रामकुंडाजवळची एक फ्रेम माझ्याकडे एका गिऱ्हाइकाच्या कामात आली होती. ओल्या पायऱ्या, वर फिकट निळसर आभाळ, एका बाजूला दिव्यांचा पिवळा उजेड आणि मधोमध भगवी छाटी नेसलेले साधू. ती रॉ मी तीन प्रोग्रॅममध्ये उघडली, एकही स्लायडर न हलवता. एकात भगवा लालसर झाला, छाटीच्या चुण्या दिसत होत्या. दुसऱ्यात तो केशरी-पिवळा आणि इतका भडक, की कापडाचा पोतच गेला. तिसऱ्यात सगळं चित्र मातकट, पण पायऱ्यांवरच्या पाण्यातली प्रतिबिंबं सगळ्यात स्पष्ट. व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाचा रंग सावरणाऱ्या सेटिंगला, तिन्हींत ‘ॲज शॉट’ (कॅमेऱ्याने टिपलं तसंच) होतं, पण त्याखालचा उजेडाच्या रंगाचा केल्विनमधला आकडा प्रत्येकात वेगळा. रंगांचे मूळ गुणक कॅमेऱ्याने एकदाच लिहिलेले असतात. त्यांचा अर्थ प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कलर प्रोफाइलप्रमाणे लावतो. या तिघांतला ‘मूळ’ फोटो कोणता? तुमच्या कार्यालयातल्या संगणकावर जो प्रोग्रॅम असेल, तो ठरवेल तोच. पाण्यात उभं राहून ज्याने ती फ्रेम टिपली, त्याला तो भगवा कसा दिसला होता, याची नोंद तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

ती नोंद असते कुठे? रॉ फाइलला प्रोग्रॅम सहसा हात लावत नाहीत. लाइटरूम प्रत्येक बदल आपल्या कॅटलॉगमध्ये लिहून ठेवतो. तुम्ही कंट्रोल-एस दाबलं किंवा तशी सेटिंग केली, तर रॉच्या शेजारी एक एक्सएमपी फाइलही बनवतो. कॅप्चर वन बरेचदा त्याच फोल्डरमध्ये आपलं वेगळं फोल्डर करतो. रॉथेरपी पीपी३ नावाची फाइल ठेवतो, निकॉनचा एनएक्स स्टुडिओ आपली निराळी. कॅननचा डीपीपी मात्र बदलांची नोंद थेट रॉ फाइलच्या आतच लिहू शकतो. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि एकाचं दुसऱ्याला फारसं वाचता येत नाही.

एक्सएमपी ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी एकदा उघडून बघावी. त्यात एक्स्पोजर अधिक ०.३५, हायलाइट्स उणे ४०, क्रॉपचे चार आकडे, अशा ओळीच्या ओळी दिसतात. फोटोग्राफरने रात्र जागून केलेलं काम ते एवढंच, काही केबीचं. आणि हीच फाइल सगळ्यात आधी कचऱ्यात जाते. पेनड्राइव्हवर कॉपी करताना लोक फक्त फोटो निवडतात. उरलेल्या पांढऱ्या कागदाच्या चिन्हाच्या फाइल्स काय आहेत ते कळत नाही, म्हणून त्या मागे राहतात, नाहीतर ‘साफसफाई’त डिलीट होतात. कुणी विंडोजमधूनच रॉचं नाव बदलतं, ‘रामकुंड १’ वगैरे ठेवतं, आणि एक्सएमपीचं नाव जुनंच राहतं. झालं, दोघांची ताटातूट.

दोन्ही नीट एकत्र आले, तरी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळं उतरत नाही. स्टार, कीवर्ड, फोटोओळ, तारीख, हे बहुतेक ठिकाणी वाचलं जातं, कारण एक्सएमपीच्या त्या भागाचा नमुना सगळ्यांनी मान्य केलेला आहे. २०१२ पासून त्याचं आयएसओ मानकही आहे. क्रॉप आणि एक्स्पोजरसारख्या मोजक्या गोष्टी डार्कटेबल लाइटरूमच्या फाइलमधून उचलण्याचा प्रयत्न करतो. पण हायलाइट्स, शॅडोज, ब्रशने चेहऱ्यावर केलेलं काम, हे राहून जातं. ते राहणारच. सुगरणीच्या वहीत ‘दोन वाट्या’ लिहिलेलं असतं, पण वाटी तिच्या घरातली असते. हायलाइट्स उणे ४० हा आकडा लाइटरूमच्या गणितातच अर्थपूर्ण आहे. लाइटरूमच्याही आत ते गणित २०१२ मध्ये बदललं, म्हणून जुन्या फोटोंना जुनी प्रोसेस आवृत्ती लावून ठेवण्याची सोय त्यांना द्यावी लागली. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, लाइटरूम एक्सएमपीला फोटोचं नाव देतो पण त्यात रॉचं एक्स्टेन्शन घालत नाही. डार्कटेबल आधी सीआर२ (कॅननचं) किंवा एनईएफ (निकॉनचं) हे रॉचं एक्स्टेन्शन लिहून मग पुढे एक्सएमपी जोडतो. त्यामुळे एकाच फोटोच्या दोन नोंदी एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

हे सगळं मला इतकं मनाला लागतं त्याला कारण आहे. पंचवटीतल्या एका ज्येष्ठ फोटोग्राफरच्या निधनानंतर त्यांचा मुलगा त्यांची हार्डडिस्क घेऊन माझ्याकडे आला. सिंहस्थाचं सगळं काम त्यांनी ॲपलच्या ॲपर्चर या प्रोग्रॅममध्ये केलं होतं. ॲपर्चर २००५ मध्ये आला, त्याचं काम थांबवत असल्याचं कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून तो चालतच नाही. लायब्ररीच्या पोटातून रॉ फाइल्स आम्ही काढल्या, त्या शाबूत होत्या. पण त्यांनी कुठला फोटो कृष्णधवल केला होता, कुठे कडेची गर्दी कापून एका म्हातारीच्या ओंजळीवर नजर आणली होती, ते रॉमध्ये नव्हतं. ॲपर्चर लायब्ररीत प्रिव्ह्यू म्हणून जेपीजी बनवून ठेवायचा, तेवढे मिळाले. छोटे, पण त्यांच्या हातचे. ते एका पडद्यावर लावून दुसऱ्या पडद्यावर मी त्यांच्या रॉवर तसंच काम उतरवलं. मुलगा शेजारी बसून “बाबांचा काळा यापेक्षा गडद असायचा” असं सांगत होता. ते प्रिव्ह्यू नसते तर ओंजळीचा तो फोटो मला सापडलाच नसता. रॉमध्ये ती नुसतीच गर्दीची एक रुंद फ्रेम होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, आवाहनातल्या अटीत दोन वेगळ्या गरजा एकत्र झाल्या आहेत. फोटो खरा आहे की त्यात काही घातलं-काढलंय, हे तपासायला रॉ हवी. छापायला आणि जपायला फोटोग्राफरने तयार केलेला फोटो हवा. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेतही शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचलेल्यांकडून मूळ फाइल मागवतात, ती तयार फोटोशी ताडून बघण्यासाठी. लोकांसमोर येतो तो तयार फोटोच. उजेड-अंधाराचं करेक्शन म्हणजे फेरफार नव्हे. घाटावरचा विजेचा खांब पुसून टाकणं हा फेरफार आहे, आणि तो रॉ शेजारी ठेवली की लगेच उघडा पडतो.

तेव्हा दोन्ही मागवा. रॉ फाइल आणि तिच्या शेजारची एक्सएमपी, पीपी३ वगैरे जे असेल ते, पूर्ण फोल्डरच उचलून. आणि निवडलेल्या फोटोंची १६ बिटची टिफ. टिफ सगळे प्रोग्रॅम वाचतात आणि त्यात रंग ठरलेले असतात, कुणी नव्याने हिशेब करायचा प्रश्न येत नाही. फाइल मोठी होते हे खरं. २४ मेगापिक्सेलचा फोटो कॉम्प्रेस न करता टिफमध्ये १४४ एमबी होतो, म्हणून ती फक्त वेचक फोटोंची मागवावी, बाकीच्यांना पूर्ण आकाराची, उत्तम दर्जाची जेपीजी चालेल. कलर स्पेस, म्हणजे रंगांचे आकडे कोणत्या मापाने वाचायचे त्याची नोंद, फाइलमध्ये एम्बेड केलेली असावी. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, हे ठळक छापा. तिथे फोटो लहान होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

डीएनजीबद्दल विचारणा होईलच. लाइटरूम बनवणाऱ्या ॲडोबीने २००४ मध्ये रॉ फाइलचा हा खुला नमुना आणला, म्हणजे त्याची रचना जाहीर आहे आणि तो कुणालाही वापरता येतो. त्याचा कन्व्हर्टर फुकट मिळतो. ज्यांच्याकडे जुना लाइटरूम ६ आहे आणि कॅमेरा मात्र कॅननचा नवा, सीआर३ प्रकारची रॉ देणारा घेतलाय, त्यांची फाइल उघडतच नाही. त्यांना डीएनजी हाच रस्ता आहे. शिवाय लाइटरूममध्ये सेव्ह केलेली एडिटिंगची नोंद डीएनजीच्या आतच राहते, ती चुकून मागे राहात नाही. पण डीएनजी केली म्हणून मूळ फाइल पुसू नये, कारण कॅनन, निकॉन यांचे स्वतःचे प्रोग्रॅम ती उघडत नाहीत. खुल्या नमुन्याचा आग्रह का धरायचा, हे २००५ मध्ये दिसलं होतं. निकॉनने डी२एक्स या कॅमेऱ्याच्या रॉमधली व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून ठेवली होती आणि त्यावरून जगभरच्या फोटोग्राफरांनी मोठी ओरड केली. फोटो माझा, कॅमेरा माझ्या पैशाचा, मग त्यातला आकडा वाचायला कंपनीची परवानगी का लागावी, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. भाड्याने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर याचा विचार करावाच. लाइटरूम क्लासिकचं भाडं थांबलं तर फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात, पण डेव्हलपचा, म्हणजे एडिटिंगचा, भाग बंद होतो.

फोटोओळीबद्दल मात्र जरा जास्त सांगते, कारण हा आपल्या मराठी लोकांचाच प्रश्न आहे. आमच्या ॲल्बमच्या धंद्यात आणि तुमच्या छपाईच्या धंद्यातही जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट अजून चालतात. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेली ओळ फोटोच्या माहितीत चिकटवली की दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन दिसते. फोटोत कोणता घाट, कोणत्या दिवसाची सकाळ, कोण उभं आहे, हे लिहिलेलं असूनही कुणाला वाचता येत नाही. तीच ओळ युनिकोडमध्ये लिहिली, मोबाइलवर आपण लिहितो तशी, तर एक्सएमपीमधून ती कुठल्याही प्रोग्रॅममध्ये मराठीतच उमटते. रंगांचं काम दुसरीकडे नेताना गळतं, पण नावं नेता येतात. तेव्हा ‘फोटोओळ युनिकोडमध्ये, फाइलच्या आत लिहावी’ ही अट नक्की घाला. त्यात कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीत काम केलं, हेही एका ओळीत येऊ द्या. माझ्यासारख्या पुढच्या माणसाचे तास वाचतील.

येत्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान (म्हणजे शाही स्नानच) २ ऑगस्ट २०२७ ला आहे. तेव्हा फोटो काढणाऱ्यांत मोबाइलवाले कितीतरी जास्त असतील. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून आणि आयफोनमध्ये २०१६ पासून रॉ काढता येते, तीही डीएनजीत. आयफोनच्या प्रोरॉमध्ये रंगांचा हिशेब बराचसा फोननेच केलेला असतो, त्यामुळे ती आणि कॅमेऱ्याची रॉ एकाच मापाने तपासता येणार नाही. आत्ता २०१५ च्या फोटोंसाठी नियम नीट बसवले, तर तेच तेव्हा वापरता येतील.

सुधारित आवाहनात एवढीच ओळ असावी असं सुचवते: ‘मूळ रॉ फाइल तिच्या सोबतच्या सर्व फाइल्ससह, आणि आपण तयार केलेला फोटो टिफ किंवा पूर्ण आकाराच्या जेपीजीत, युनिकोड फोटोओळीसह पाठवावा.’ ज्यांना टिफ किंवा डीएनजी कशी काढायची ते माहीत नाही, त्यांच्यासाठी आपण एखाद्या रविवारी जागा उपलब्ध करून दिलीत, तर मी माझा संगणक घेऊन येईन आणि येईल त्याला शेजारी बसवून दाखवीन. जुन्या मॅकवर ॲपर्चर चालू स्थितीत ठेवलेला कुणी नाशिकमध्ये असेल, तर त्यांनीही त्या दिवशी यावं. पंचवटीतल्या त्या लायब्ररीतले बरेच फोटो अजून बाकी आहेत.

आपली,
एक फोटो एडिटर
रविवार कारंजा, नाशिक